मासे आढळून आले नाहीत

पाणी अडवणं हे माणसाचं पहिलं मोठं कृत्य. ओढ्याला थांब म्हणावं आणि त्यानं थांबावं, यातून शेती आली, गावं आली, राज्यं आली. धरणापुढे उभं राहिलं की माणसाचा हात आपोआप टोपीकडे जातो, असं मी बऱ्याच प्रवासवर्णनांत वाचलं आहे. माझाही गेला. वारा होता आणि टोपी नवी होती. नंतर मी धरणाची लांबी पावलांनी मोजली. एकशे सदतीस भरली. आमच्या अंधेरीच्या सोसायटीच्या फाटकापासून वाण्याच्या दुकानापर्यंत एकशे साठ होतात, आणि तिथे मी अनवाणीही गेलेलो आहे.

हे धरण मुंबईतच आहे. मुलुंडच्या आसपास, डोंगराच्या पायथ्याशी. नेमकं कुठे ते सांगणार नाही; का ते शेवटी कळेल. माणसांची नावंही बदलली आहेत. ती माणसं तरीही स्वतःला ओळखतील, आणि नवं नाव जुन्यापेक्षा हलकं दिलं म्हणून रागावतील, त्याला इलाज नाही.

माझ्याबरोबरचे लोक निवृत्त झाल्यावर युरोपात जातात आणि परत येऊन तळ्यांचे फोटो दाखवतात. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे प्रवास कपाटात लावले, त्यामुळे प्रवासात नेमकं काय होतं याची मला पुरेशी कल्पना आहे. बायको म्हणाली, निदान चार दिवस कुठेतरी जा. मी मुलुंडला गेलो.

शुक्रवार

अंधेरी पश्चिमेच्या माणसाला पूर्व उपनगरं ही भूगोलात शिकलेली गोष्ट वाटते. ती आहेत हे मान्य असतं. मी मेट्रोनं घाटकोपरला उतरलो, पुढे बस धरली, आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला परमुलखात पोचलो. तिथे रिक्षावाल्यानं न बोलता हो म्हटलं. आमच्याकडे रिक्षावाला आधी आपलं तोंड पाहतो, मग आकाशाकडे पाहतो आणि निघून जातो. या एका अनुभवावरच मी परत जाऊन लेख लिहू शकलो असतो.

उतरलो होतो साडूकडे. वसंत हा माझ्या मेहुणीचा, सुषमाचा नवरा. मूळ मालवणकडचा, आजोबा गिरणीत, वडील गिरणीत, हा स्वतः एका सरकारी कचेरीत. तिथे त्यानं तीस वर्षं फायली हलवल्या, आणि ज्या हलू नयेत त्या हलू दिल्या नाहीत. निवृत्त झाल्यापासून तो धरणावर गळ टाकून बसतो. अशी पाच माणसं आहेत. त्यांनी स्वतःला मंडळ म्हणवून घेतलं आहे, कारण पाच माणसं एका जागी गप्प बसलेली दिसली की लोक चौकशी करतात. मंडळ म्हटलं की करत नाहीत.

मी पोचलो तेव्हा वसंत बाहेर गेला होता आणि सुषमा शेजारी. स्वयंपाकघराच्या ओट्यावर जाळीखाली स्टीलच्या ताटात लाडू होते. प्रवासानं भूक लागते. मी एक घेतला, बरा वाटला म्हणून दुसरा घेतला. सुषमा आल्यावर पाहुण्यानं म्हणावं ते म्हणालो: लाडू छान झालेत, वेलची किंचित जास्त.

"कुठले लाडू?" सुषमा म्हणाली. मग तिनं जाळीकडे पाहिलं. तेवढ्यात वसंत दारात आला. त्याला ती शांतपणे म्हणाली, "अहो, भावोजींनी तुमच्या माशांचे लाडू खाल्ले."

वसंत माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. माझ्या तब्येतीची त्याला काळजी दिसली नाही. त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "भाऊ, काय काय कळलं?"

मी म्हणालो, शेंगदाण्याची पेंड, डाळं, मध, वेलची.

"आणि?"

"बडीशेप."

त्यानं डोळे मिटले. नऊ वर्षांत त्या चाऱ्याची कृती कोणाला कळली नव्हती. मंडळातल्या प्रत्येकाचा चारा वेगळा आणि गुप्त असतो. एकमेकांच्या मुलींची लग्नं जमवणारी ही माणसं एकमेकांना चाऱ्याची कृती सांगत नाहीत. मी कोणाला सांगणार नाही असं त्यानं माझ्याकडून वदवून घेतलं. (बडीशेप मी इथे मुद्दाम चुकीची लिहिली आहे.) माझ्या पोटाची विचारपूस शेवटी सुषमानं केली.

जेवायला तळलेली सुरमई होती आणि सोलकढी. सुरमई बाजारातली होती. घरात रोज मासे धरणारा माणूस असताना मासे विकत का आणता, असं मी विचारलं. सुषमा एरवी माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलते. या प्रश्नावर ती तडक मालवणीत गेली. "धरणातलो? ह्यो काय मासो आसा? चिखलाचो वास मारता."

म्हणजे असं, की मंडळ धरलेला प्रत्येक मासा परत पाण्यात सोडतं. वर्तमानपत्रात याला भूतदया, पर्यावरणाचं भान वगैरे म्हटलं गेलं असतं. खरं कारण म्हणजे पाचांपैकी चौघं समुद्राच्या माशावर वाढलेली आहेत, आणि गोड्या पाण्यातला मासा घरी नेला तर स्वयंपाकघरात त्याला कोणी ओळख दाखवत नाही. पाचवे कांबळे सर. त्यांचं मूळ साताऱ्याकडचं, नदीचा मासा त्यांना चालतो, पण बहुमतापुढे ते गप्प बसतात.

जेवणानंतर वसंतनं मला खरं संकट सांगितलं. त्या तळ्यात संगीत कारंजं करायचं ठरत होतं. विभागातल्या एका पुढाऱ्याला ते सुचलं होतं. प्रस्तावात लिहिलं होतं की जलाशय वापरात नाही, त्यात मासेही नाहीत. मंडळानं हरकत घेतली. म्हणून येत्या रविवारी उपअभियंता साहेब स्वतः येऊन पाहणी करणार होते. मासे आढळले तर मंडळाची गळ टाकायची परवानगी राहणार. नाही आढळले तर कारंजं.

"फोटो दाखवा ना," मी म्हणालो.

फोटो नव्हते. फोटो पाहिले की गर्दी येते, म्हणून ते काढायचे नाहीत असा मंडळाचा नियम होता. शिवाय मासा कुठल्या तळ्यातला आहे हे मासा फोटोत सांगत नाही, असं साहेबांच्या कचेरीतून आधीच कळवण्यात आलं होतं.

ताटं उचलता उचलता सुषमा म्हणाली, "भावोजी, कारंजं झालं तर हे दिवसभर घरात. सकाळपासून. तुम्ही एवढी पुस्तकं वाचलीत, काहीतरी करा."

शनिवार

सकाळी धरण पाहिलं. मातीचा बांध, पाण्याच्या अंगाला दगड लावलेले, दुसऱ्या अंगाला गवत. एका टोकाला सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, आणि मधोमध खाली पाणी सोडायची एक मोरी. पाण्याचा रंग जुन्या फायलीच्या कव्हरासारखा. पलीकडे लगेच डोंगर आणि झाडी. ही झाडी बिबट्याची. इथले लोक बिबट्याबद्दल सोसायटीच्या जुन्या चेअरमनबद्दल बोलावं तसं बोलतात: परवा आले होते, हल्ली जरा कमी दिसतात. अंधेरीत आम्ही चेअरमनबद्दलही इतक्या आदरानं बोलत नाही.

बांधाच्या तोंडाशी तीन पाट्या आहेत. पहिली, पाणी खोल आहे. दुसरी संगमरवरी, कोणे एके काळी इथे जलपूजन झाल्याबद्दल. ती मोरीच्या दारापेक्षा मोठी आहे. तिसरा नवा फलक, प्रस्तावित संगीत कारंज्याचा. त्यावर पुढारी हात जोडून उभे आणि त्यांच्या मागे निळंशार तळं, बर्फाचे डोंगर आणि पाच हंस. म्हणजे युरोपात न जाताही मला ते तळं पाहायला मिळालंच.

मंडळ जमलं होतं. कांबळे सर शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्यासमोर मीही जरा ताठ बसलो. नंदू रिक्षा चालवतो आणि दुपारी रिक्षा बांधाखाली लावून गळ टाकतो. उरलेले दोघे म्हात्रे बंधू. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, पण शेजारी बसतात.

सरांनी रविवारची योजना सांगितली. उपाशी मासा गळाला लागतो, पोट भरलेला लागत नाही. सबब आजपासून उद्या सकाळपर्यंत कोणीही पाण्यात चारा टाकायचा नाही. कोणीही म्हणजे कोणीही. प्रत्येकाकडून त्यांनी हो म्हणवून घेतलं. म्हात्रे बंधूंनी वेगवेगळं हो म्हटलं.

"आणि वसंताचा कटला उद्या आला तर काय मग, झकासच," नंदू म्हणाला.

सगळे हसले. वसंत हसला नाही. या कटल्याची गोष्ट मला सुषमानं आदल्या दिवशीच सांगितली होती. नऊ वर्षांपूर्वी वसंतच्या गळाला एक प्रचंड कटला लागला, काठापर्यंत आला, वर तोंड काढून त्यानं वसंतकडे पाहिलं आणि दोरी तोडून गेला. तेव्हा बांधावर दुसरं कोणी नव्हतं. त्यानंतरही वसंतला तो दोनतीनदा दिसला, आणि दर वेळी बाकीचे चहाला गेलेले होते. कांबळे सर म्हणतात, देवासारखा आहे, फक्त भक्ताला दिसतो. नऊ वर्षं हा विनोद चालू आहे. नऊ वर्षं एकच विनोद ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो ते मी त्या सकाळी पाहिलं.

मंडळी पांगल्यावर मी एकटाच काठानं फिरलो. माझ्या पिशवीत बायकोनं बहिणीसाठी दिलेला शंकरपाळ्यांचा डबा होता. माझी बायको सर्व पदार्थ उत्तम करते. शंकरपाळ्यांबद्दल मी एवढंच म्हणेन की ते टिकतात. सुषमानं आदल्या दिवशी एक तोंडात घातला, बराच वेळ तिथेच ठेवला आणि डबा मला परत दिला, तुम्हाला फिरताना लागेल म्हणून. मी चारपाच मुठी पाण्यात टाकल्या. चारा टाकायचा नाही असं ठरलं होतं हे खरं, पण शंकरपाळे हा चारा आहे असं तेव्हा मला वाटलं नाही. ते अन्न आहे असंही वाटलं नव्हतं.

दुपारी वसंत म्हणाला, चला भाऊ, जरा पाय मोकळे करून येऊ. त्याच्या हातात कापडी पिशवी होती. काठाशी त्यानं इकडे तिकडे पाहिलं, पिशवीतून लाडू काढले आणि कुस्करून पाण्यात सोडायला लागला. मी म्हणालो, वसंता, सरांनी काय सांगितलं?

"एक मूठ फक्त. बाकीच्यांचे उपाशीच आहेत ना? एवढ्यानं काय होतंय. माझ्या जागेवर एक जरी आला ना भाऊ, उद्या सगळ्यांसमोर..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. पिशवी मात्र पुरी रिकामी केली.

परत येताना नंदू भेटला. तो रिकामी पिशवी झटकत येत होता. आम्ही काही विचारायच्या आत तो म्हणाला, "मोरीतून पाणी गळतंय का ते बघायला आलो होतो."

वसंत म्हणाला, आम्हीही. तिघांनी मिळून थोडा वेळ मोरीकडे पाहिलं. ती गळत नव्हती.

रविवार

सात वाजता मंडळ आपापल्या जागी बसलं. सव्वानऊला पुढारी आले. त्यांच्याबरोबर पाच गाड्या, एक ध्वनिक्षेपक, शाली आणि नारळ. परवानगी मिळाली नसल्यामुळे भूमिपूजन करता येत नव्हतं, म्हणून निवेदकानं कार्यक्रमाचं नाव प्रस्तावित भूमिपूजनाची पूर्वतयारी पाहणी असं जाहीर केलं. श्रोते एकोणीस होते, त्यांतले अकरा गाड्यांतून आलेले. पुढाऱ्यांनी पाण्याकडे हात करून सांगितलं की या ओसाड डबक्याचं आम्ही नंदनवन करू. मग वळून उपअभियंता साहेबांना विचारलं, "मासे आहेत म्हणे. मला तर एकही दिसत नाही."

साहेब म्हणाले, पाहतो. कारंजं कसं ऐकू येईल याची कल्पना यावी म्हणून ध्वनिक्षेपकावर दोन मिनिटं सनई वाजवण्यात आली. पुढाऱ्यांनी हंसांच्या फलकापुढे फोटो काढला आणि पाचही गाड्या गेल्या. मी वाटेत उभा असल्यामुळे एक शाल चुकून माझ्याही खांद्यावर राहिली. ती अजून माझ्याकडे आहे.

राहिले साहेब. चाळिशीतला, बारीक, थकलेला माणूस. काखेत फाइल, हातात फोन. फोन सारखा वाजत होता, आणि दर वेळी साहेब हो सर, करतो सर म्हणत होते. रविवार असूनही. बारा वाजेपर्यंत थांबतो, एक मासा प्रत्यक्ष दिसला की मला पुरे, असं त्यांनी सांगितलं.

साडेनऊ वाजले, दहा वाजले. पाच गळांची पाच बुचं पाण्यावर चिकटवल्यासारखी स्थिर होती. त्या तळ्यात म्हणे चिलाप्या नावाची मासळी इतकी आहे की रिकामा गळ टाकला तरी ओढते. त्या दिवशी चिलाप्यालाही वेळ नव्हता. साडेदहाला कांबळे सर उठले, प्रत्येकाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि परीक्षेत कॉपी पकडल्याच्या आवाजात म्हणाले, "काल कोणी चारा टाकला?"

सगळ्यांनी आपापल्या बुचाकडे पाहिलं. मग वसंत म्हणाला, एक मूठ. नंदू म्हणाला, थोडे पाव. किती? दोन लाद्या. थोरल्या म्हात्र्यांनी ताकात भिजवलेला कोंडा टाकला होता. धाकट्यानंही ताकात भिजवलेला कोंडा टाकला होता. आईची कृती, दोघांना वाटत होतं आपल्यालाच दिली आहे. चाळीस वर्षांनी त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी शंकरपाळ्यांचं कबूल केलं.

"पाचजण," सर म्हणाले.

"आणि तुम्ही, सर?" नंदूनं विचारलं.

सरांनी चष्मा पुसला. "उकडलेला मका," ते म्हणाले. "पण मी प्रमाणात टाकला होता."

म्हणजे त्या एकशे सदतीस पावलांच्या धरणात आदल्या दिवशी लग्नाची पंगत उठली होती. प्रत्येकाला वाटलं होतं की बाकीचे शब्द पाळतील. खालचे मासे बहुधा कुशीवर पडले असावेत. वाट लागली, असं नंदू म्हणाला, आणि मंडळाच्या त्या बैठकीचं दुसरं काही इतिवृत्त नाही.

वसंत पाण्याकडे पाहत होता. मी त्याच्या बाजूला बसलो. त्याला सकाळी घरून निघताना सुषमानं इस्त्रीचा शर्ट दिला होता.

अकराच्या सुमाराला साहेबांचा फोन पुन्हा वाजला. आवाज नीट येईना म्हणून ते बोलत बोलत दगडांच्या पायऱ्यांनी पाण्याकडे उतरले, सरांच्या शेजारी आले, आणि फोन बंद पडला. तिथे बांधाच्या आडोशाला रेंज येत नाही. साहेबांनी फोन उलटसुलट करून पाहिला. मग तो शांतपणे खिशात टाकला. सरांनी तेवढ्यात त्यांच्या हातात रॉड दिला. "साहेब, जरा धरता का? चहा सांगून येतो."

सर गेले ते पाऊण तास आले नाहीत. नंतर मी विचारलं तर म्हणाले, टपरीवर गर्दी होती. टपरीवर मीही जाऊन आलो होतो. सर बाकावर बसून शब्दकोडं सोडवत होते.

साहेबांनी फाइल मांडीवर ठेवली आणि रॉड दोन्ही हातांनी धरला. थोड्या वेळानं त्यांनी वसंतला विचारलं, "आता काय करायचं?"

"हेच," वसंत म्हणाला.

"आणि काही झालं नाही तर?"

"बरेचदा होत नाही."

साहेबांनी त्यावर विचार केला. त्यांनी बूट काढले. दहा मिनिटांनी ते एकदम कुजबुजले, "ओढतंय." ओढत नव्हतं, वारा होता. पण पाचही जणांनी माना डोलावल्या, आणि थोरले म्हात्रे धाकट्याला म्हणाले, हात चांगला आहे साहेबांचा. बारा वाजले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. साडेबाराला नंदूनं सर्वांना वडापाव आणून दिले. साहेबांनी डाव्या हातानं खाल्ला, उजवा रॉडवर होता. मिरची तिखट लागली तरी त्यांनी नजर बुचावरून काढली नाही.

सव्वा वाजता ते नाइलाजानं उठले. फाइल उघडून गुडघ्यावर लिहायला लागले. मंडळ उभं राहिलं. वसंतचा चेहरा पाहवत नव्हता. मी ग्रंथपालाची जुनी सवय वापरून उलटं वाचलं. पहिलं वाक्य होतं: आजच्या पाहणीत जलाशयात मासे आढळून आले नाहीत. साहेब थांबले. पाण्याकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं, बंद फोन असलेल्या खिशावरून हात फिरवला. मग त्यांनी सरकारी मराठीतला सर्वांत सुंदर शब्द लिहिला. तथापि. तथापि, केवळ एका दिवसाच्या पाहणीवरून निष्कर्ष काढणे उचित होणार नाही. सबब पाहणी पुढे चालू ठेवावी.

"पुढच्या रविवारी येतो," साहेब म्हणाले. "किती वाजता सुरू करता?"

सोमवार

निघायच्या दिवशी सकाळी सहा वाजता वसंतनं मला उठवलं. तो म्हणाला, शेवटचं जाऊन येऊ. बांधावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. त्याच्याकडे चारा उरला नव्हता, आणि मंडळात कोणाकडेच उरला नसणार. मी डबा पुढे केला. त्यानं एक शंकरपाळा घेतला, दाबून पाहिला आणि कौतुकानं म्हणाला, हा गळावरून सुटणार नाही.

खालची मंडळी एव्हाना पचवून मोकळी झाली असावीत. सातला बूच सरळ खाली गेलं. वसंत उठला. वीस मिनिटं तो काठाकाठानं पुढे-मागे चालत होता, दोरी सोडत होता, गुंडाळत होता, आणि मी मध्ये न येण्याचं काम करत होतो. त्यात माझा एक पाय पाण्यात गेला. पाणी खोल आहे या पाटीपासून चार पावलांवर ते गुडघ्यापर्यंत आलं. मग तो वर आला. मोठ्या डोक्याचा, करड्या खवल्यांचा, पोत्यासारखा जड कटला. त्याच्या खालच्या ओठात एक जुना, गंजलेला गळ रुतलेला होता. वसंतनं तो हलकेच काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. त्याला नऊ वर्षांपूर्वीच्या गळाची गाठ ओळखू आली. त्याची स्वतःचीच होती.

वसंतच्या पिशवीतल्या काट्यावर वजन सहा किलो दोनशे भरलं.

"भाऊ, फोटो काढा," तो म्हणाला. "सरांना दाखवतो. नंद्याला दाखवतो. नियम गेला खड्ड्यात. एकदा दाखवतोच."

मी फोन काढला. कटल्याला दोन्ही हातांनी धरून वसंत पाण्यात उभा होता, शाळेच्या फोटोला उभं राहावं तसा. मी बटणावर बोट ठेवलं.

"थांबा," वसंत म्हणाला.

त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला त्याच्या कपाळावर दिसत होतं. तीस वर्षांची कचेरी तिथे काम करत होती. मासा दाखवला तर पाहणी संपली. पाहणी संपली की फाइल साहेबांच्या टेबलावरून वर जाणार. मंडळाला परवानगी मिळेल, अकरा महिन्यांची. बाराव्या महिन्यात पुन्हा पुढारी, पुन्हा सनई, पुन्हा हंस. आणि मासा सापडलाच नाही, तर पाहणी चालू. पाहणी चालू असताना कारंजं होत नाही, बंदी होत नाही, कोणी काही करू शकत नाही. चालू असलेल्या पाहणीइतकी टिकाऊ परवानगी सरकारात दुसरी नाही.

"काढू नका," तो म्हणाला.

तो गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला आणि कटल्याला खाली धरून राहिला. मासा थोडा वेळ हातातच थांबला. वसंत त्याला, किंवा मला, किंवा कोणालाच नाही, असं म्हणाला, "नऊ वर्सां माका लबाड म्हणतत. आता गावलो, तर कोणाक सांगूक येवचा नाय." मग त्यानं हात सोडले.

परतताना बांधाच्या तोंडाशी कांबळे सर भेटले. त्यांनी वसंतच्या ओल्या पँटकडे पाहिलं आणि विचारलं, काय, दर्शन झालं का? वसंत म्हणाला, झालं. सर हसले. मी साक्षीदार होतो. पण मी प्रवासवर्णनं वाचणारा माणूस, आणि वर साडू. माझ्या साक्षीला घरातही कोणी विचारत नाही.

अंधेरीला आल्यावर बायकोला सांगितलं की शंकरपाळे तिकडे फार आवडले, आणखी मागितले आहेत. ते अक्षरशः खरं आहे. ती दर महिन्याला डबा पाठवते.

याला आता सात महिने झाले. फलक वाऱ्यानं फाटला. त्यावरचे पुढारी गेले, दोन हंस उरले आहेत. साहेब एकही रविवार चुकवत नाहीत. त्यांनी स्वतःचा रॉड घेतला आहे. मंडळानं वसंतचा सल्ला एकमतानं मान्य केला आहे: दर शनिवारी संध्याकाळी पाचही जण एकत्र, उघडपणे, पोटभर चारा टाकतात. वसंतनं सल्ल्याचं कारण सांगितलं, कटल्याचं सांगितलं नाही. ओठातून निघालेला तो गंजका गळ माझ्या टेबलावर पेनांच्या डब्यात आहे.

मागच्या शनिवारी मंडळ पिशव्या घेऊन बांधावर चढत होतं, तेव्हा समोरून साहेब येताना दिसले. हातात रिकामी पिशवी होती आणि ती ते झटकत होते. मोरीतून पाणी गळतंय का ते पाहायला आलो होतो, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाहणी सकाळी सात ते दुपारी दोन चालली. मासे आढळून आले नाहीत.